कोंबड्याचा पाहुणचार

यमुताईंचा संशयावर फार विश्वास होता. सरकारी हिशेबतपासणीत त्यांनी अख्खी नोकरी काढली होती, आणि त्या खात्यात समोरच्याचं म्हणणं पटकन खरं मानणाऱ्याला बढती मिळत नाही. यमुताईंना सगळ्या बढत्या वेळेवर मिळाल्या. निवृत्तीनंतर फायली सुटल्या, पण नजर काही सुटली नाही. मग ती दूधवाल्यावर फिरली, इस्त्रीवाल्यावर फिरली, नागपूरच्या बेसा भागातल्या त्यांच्या सोसायटीतल्या लिफ्टवर फिरली, आणि उरलीसुरली सगळी सुनेवर येऊन थांबली.

सून म्हणजे कामिनी. कुहीजवळच्या खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली. सुमंतनं तिला कॉलेजात पसंत केलं आणि घरी येऊन सांगितलं, तेव्हा यमुताईंनी विरोध केला नाही, फक्त चार दिवस तोंड बारीक करून वावरल्या. त्यांच्या घरात आजवर अंडंसुद्धा उंबरठा ओलांडून आलं नव्हतं. आणि कामिनीच्या माहेरी पाहुणा आला की अंगणातली एक कोंबडी कमी व्हायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कामिनी स्वतःहून म्हणाली, "आई, मी ते सगळं सोडलं आहे. तुम्ही काळजी करू नका." यमुताईंनी मान डोलावली आणि मनात शेरा मारला, 'पडताळणी बाकी'.

ती पडताळणी पुढे वर्षानुवर्षं चालली. कामिनी कुहीहून परत आली की आंघोळीला जायची. तेवढ्यात यमुताई तिच्या पिशव्यांपाशी जायच्या, डब्याचं झाकण किलकिलं करायच्या आणि वास घ्यायच्या. कधी जवसाची चटणी निघायची, कधी तिळाचे लाडू, कधी नुसताच धुतलेला डबा. संशयाला पुरावा कधी मिळाला नाही. पण पुरावा नाही म्हणजे समोरचा हुशार आहे, असंच यमुताईंना नोकरीनं शिकवलं होतं. त्या स्वतः व्याह्यांकडे दोनदा गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा उपास आहे असं सांगून पाण्याच्या पेल्यावर परतल्या होत्या. एकदा तर सोमवार नव्हता, चतुर्थी नव्हती, काहीच नव्हतं. विहीणबाईंनी, मनकर्णाबाईंनी, कसला उपास म्हणून विचारलंही नाही.

अशा घरात फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी गार्गी कोंबडीचं पिल्लू घेऊन आली.

गार्गी म्हणजे यमुताईंची नात, तिसरीतली. चौकात एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्लं विकत बसला होता. हिरवी, निळी, गुलाबी. त्यातलं एक गुलाबी पिल्लू उभंच राहत नव्हतं. त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकत आणि ते पोटावर आपटे. विकणाऱ्यानं ते गार्गीला असंच देऊन टाकलं.

"असंच का दिलं?" यमुताईंनी पहिला प्रश्न विचारला. "असंच कोणी काही देत नाही."

"लंगडं आहे ना, आजी! मरणारच आहे म्हणाला."

"मग मरायला आपल्याच घरी कशाला आणलंस?"

गार्गीनं पिल्लू छातीशी धरलं. तेवढ्यात कामिनी पर्स ठेवून पुढे आली. तिनं पिल्लू तळहातावर घेतलं, उलटं केलं, पाय बोटानं चाचपले आणि म्हणाली, "हाड शाबूत आहे. घसरड्या जागेवर ठेवलं होतं मेल्यांनी. वर्तमानपत्रावर ठेवलं की पाय फाकतात. जगेल हे."

ती औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी घेऊन बसली. पट्टीची बारीक फीत कापली आणि पिल्लाचे दोन्ही पाय, मधे बोटभर जागा ठेवून, एकमेकांना बांधले. यमुताई दारात उभ्या राहून पाहत होत्या. पाय बांधलेल्या कोंबड्या त्यांनी आजवर एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या, सायकलच्या हँडलला उलट्या लटकलेल्या. आणि तो सायकलवाला त्यांना कोणत्या दवाखान्यात नेत नव्हता. हिचा हात किती सराईत आहे, हेही त्यांनी टिपून घेतलं.

मागच्या गॅलरीत खोकं आलं. त्यात जुनं पोतं अंथरलं गेलं, वर दिवा लटकला. कामिनी सकाळ-संध्याकाळ कनकी, म्हणजे तांदळाची कणी, भिजवून घालायची, चिमूटभर हळद टाकायची, आणि पिल्लाला ओंजळीत उभं करून त्याच्या पायांना भार घ्यायला लावायची. गार्गीनं त्याचं नाव ठेवलं गुलाबजाम.

"खायच्या वस्तूचं नाव कशाला ठेवता गं?" यमुताई म्हणाल्या. हे नाव कोणी सुचवलं, असंही त्यांनी दोनदा विचारून घेतलं. गार्गीनं स्वतःच ठेवलं होतं म्हणे. त्यांना ते पूर्ण पटलं नाही.

पण एक अडचण होती. सुमंत मिहानमधल्या कंपनीत, कामिनी बँकेत, गार्गी शाळेत. दिवसभर घरात कोण? यमुताई आणि गुलाबजाम. पहिले काही दिवस त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. पिल्लू दाराच्या पलीकडून चिवचिवत राहिलं. अर्धा दिवस ते सहन केल्यावर यमुताई उठल्या, पाण्याची वाटी भरली, आणि नाकाला पदर लावून दार उघडलं. पिल्लू बांधलेल्या पायांनी टुणटुणत आलं आणि त्यांच्या पावलावर चढून बसलं. त्याचं पोट गरम होतं. यमुताईंनी पाऊल काढून घ्यायचं ठरवलं, पण ते काही निघालं नाही.

त्यांचंही दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं रोज घरातल्या घरात फेऱ्या मारायला सांगितलं होतं आणि यमुताई कंटाळा करत होत्या. आता पट्टी सुटलेलं पिल्लू हॉलभर त्यांच्या मागे लागलं. पुढे वॉकर धरून यमुताई, मागे एक पाय टाकत-ओढत गुलाबजाम. खिडकीपर्यंत जायचं, वळायचं, देवघरापर्यंत यायचं. "चल, दमलास का?" यमुताई विचारायच्या. "मी नाही दमले. तुझ्यापेक्षा पुष्कळ म्हातारी आहे मी." संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की त्या पिल्लाला घाईघाईनं गॅलरीत ढकलायच्या आणि सोफ्यावर बसून चेहरा कडक करायच्या. आपल्याला त्याचा लळा लागला आहे, हे घरात कोणाला कळू नये असं त्यांना फार वाटे. फरशीवरच्या शिंतोड्यांवरून कामिनीला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, ती गोष्ट वेगळी.

एप्रिल लागेपर्यंत गुलाबी रंग झडला आणि खालून पांढरा, लाल तुऱ्याचा कोंबडा निघाला. डावा पाय थोडा वाकडा पडायचा, पण चालायचा ऐटीत. एका पहाटे त्यानं गळा काढून बांग द्यायचा प्रयत्न केला, ती फाटक्या पिपाणीसारखी वाजली आणि गार्गी हसून लोळली. यमुताई मात्र हसल्या नाहीत. कोंबडी असती तर निदान अंड्यांसाठी तरी कोणी ठेवली असती. कोंबडा लोक कशासाठी पोसतात, हे काही कोणाला सांगायला नको.

आणि त्यांच्या लक्षात येऊ लागलं. कामिनी बँकेतून आली की आधी त्याला उचलून घ्यायची, छातीवरून हात फिरवायची आणि समाधानानं म्हणायची, "चांगला भरला हं आता." भरला! शेंग भरते, कणीस भरतं. यमुताईंनी तो शब्द मनात घोळवला आणि त्यांना तो बिलकूल आवडला नाही. कनकीची वाटीही हल्ली मोठी झाली होती. 'एवढं खाऊ घालायचं कारण काय?' त्या मनाशी म्हणायच्या. त्यांच्या अनुभवात सरकारी खर्च वाढला की त्यामागे कोणाची तरी सोय असायचीच.

एका गुरुवारी दुपारी ती गोष्ट घडली. कामिनीला त्या दिवशी सुटी होती. हॉलमध्ये कूलर घरघरत होता, बाहेर ऊन असं की कावळासुद्धा सावलीला बसलेला. यमुताई डोळे मिटून पडल्या होत्या. आतल्या खोलीत कामिनी माहेरी फोनवर बोलत होती. माहेरच्या माणसाशी बोलताना तिची भाषा बदलायची, आवाजही बदलायचा, मोकळा व्हायचा. यमुताईंचा जन्म नागपुरातच गेला होता, ती बोली त्यांच्या कानांना नवी नव्हती. पण ती आपली नाही, असा त्यांनी लहानपणापासून पण केला होता. त्यामुळे त्या ती ऐकत कमी आणि हुंगत जास्त.

"हो वं माय, ह्याच रविवारी," कामिनी म्हणत होती. "पाय बरा झाला आता, चालणं-फिरणं होऊन राहिलं मस्त. आता कायची वाट पाहाची?"

यमुताईंनी डोळे उघडले.

"नाही नाही, घरात कोणाले सांगितलं नाही. आधी सांगितलं तं काही ना काही निघते. गाडीत बसवूनच आणते मी." मग कूलरची घरघर, आणि मग, "...त्याचा पाहुणचार करू ना वं. लय दिवसाचं मनात हाय माह्या. आन हे पाह्य, घरातले गंज नको घेऊ. नवा मोठा गंज आणजो."

यमुताई उठून बसल्या. कोंबड्याचा पाहुणचार! विदर्भात कोणाच्याही घरी हे दोन शब्द एकत्र आले की त्याचा अर्थ काय होतो? पाहुणा वेगळा असतो आणि कोंबडा वेगळा असतो, आणि दोघांची भेट ताटात होते. वर नवा मोठा गंज! म्हणजे शिजवायचं भांडंसुद्धा ठरलं. घरात कोणाला सांगितलेलं नाही, गाडीत बसवून न्यायचं. इतक्या वर्षांची पडताळणी त्या एका फोननं पूर्ण झाली होती.

खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. संशय खरा ठरला की ऑफिसात त्या स्वतःसाठी एक जास्तीचा चहा मागवायच्या. आज मात्र त्यांना नुसती भीती वाटली. गॅलरीत गुलाबजाम सावलीला पंख सैल सोडून बसला होता. त्यांना पाहताच उठला आणि तो वाकडा पाय टाकत दाराशी आला, फेऱ्यांची वेळ झाली म्हणून.

सुमंतला सांगावं, तर तो कामासाठी पुण्याला. आणि तो असता तरी बायकोची बाजू घेणार, हे ठरलेलं. कामिनीला सरळ विचारावं, तर ती गोड हसून काहीतरी सांगेल. गार्गीला सांगायचं तर पोर हंबरडा फोडील. शुक्रवारचा दिवसभर यमुताई घरात फेऱ्या मारत राहिल्या आणि शेवटी त्यांना लकडगंजच्या ताराचंदजींची आठवण झाली.

ताराचंद धान्याचे व्यापारी. यमुताईंच्या घरचा वर्षाचा गहू त्यांच्याच गोदामातून यायचा. माणूस असा की कांदा-लसूणसुद्धा खात नाही, बटाट्याकडे बघत नाही, सूर्य मावळला की तोंडात घास घालत नाही. वाटेतल्या मुंग्यांना साखर घालून मग दुकान उघडतो. कोंबड्यासाठी ह्याहून सुरक्षित जागा अख्ख्या नागपुरात नाही, अशी यमुताईंची खात्री पटली. आयुष्यात त्यांनी पडताळणी न करता ठेवलेला हा बहुधा पहिलाच विश्वास.

शनिवारी सकाळी कामिनी गार्गीला पोहण्याच्या शिकवणीला घेऊन गेली. यमुताईंनी भाजीच्या मोठ्या पिशवीत गुलाबजामला बसवलं, वर पातळ फडकं टाकलं, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच एकट्या ऑटोत चढल्या. गुडघा ठणकत होता. पिशवीतून मधूनच फाटकी बांग यायची आणि ऑटोवाला आरशात पाहायचा. "मोबाइल आहे," यमुताई म्हणाल्या.

ताराचंदजींनी हात जोडले. "बेफिकर राहा, माताजी. आपल्याकडे कोणी त्याला नखसुद्धा लावणार नाही. पूर्ण शाकाहारी जागा आहे."

"तेच पाहून आले," यमुताई म्हणाल्या. त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या थप्पीआड, गुलाबजामच्या पुढे पाण्याची वाटी ठेवली. त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. "सोमवारी येते," असं त्याला सांगितलं आणि मागे न बघता निघाल्या. कामिनी घरी यायच्या आत त्या सोफ्यावर बसलेल्या होत्या.

गॅलरी रिकामी पाहून गार्गी किंचाळली. "दार उघडं राहिलं असेल," यमुताई म्हणाल्या. "कोणीतरी उचलला असेल. हल्ली कोणाचा काय भरवसा?" बोलताना त्या कामिनीकडे रोखून पाहत होत्या, आता हिचा चेहरा कसा पडतो ते बघायला. कामिनीचा चेहरा पडला खरा, पण त्यांना हवा तसा नाही. ती चपला घालून तशीच बाहेर धावली. भर उन्हात ती सोसायटीच्या प्रत्येक गाडीखाली वाकून पाहत होती, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या झुडपांत शिरत होती, "गुलाब, गुलाब" म्हणून हाका मारत होती. यमुताई खिडकीतून पाहत राहिल्या. 'बेत फसला म्हणून जिवाचा आटापिटा चाललाय,' असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण सुनेचे हात काट्यांनी ओरबाडलेले होते आणि ती रडत होती. कोणी रश्श्यासाठी रडतं का, असा एक नको तो प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो बाजूला सारला.

जेवणं कोणाला गेलीच नाहीत. गार्गी रडून रडून झोपली. यमुताई बाथरूममध्ये होत्या तेव्हा त्यांचा फोन वाजला आणि कामिनीनं तो उचलला. यमुताई बाहेर आल्या तर ती फोन हातात घेऊन समोर उभी.

"लकडगंजहून कोणी ताराचंदजी होते," ती म्हणाली. "म्हणाले, माताजी, मांजरीनं तुमचा मुर्गा पकडला."

मांजर! धान्याचं गोदाम म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर म्हटलं की मांजर आलीच. मालकाचा आहार त्यांनी बारकाईनं तपासला होता, मांजरीचा तपासला नव्हता.

"जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे म्हणतात. चला," कामिनी म्हणाली. दुसरं काहीही विचारलं नाही. गार्गीला शेजारच्या वेदिकाकडे ठेवून तिनं ऑटो बोलावला आणि सासूला हात धरून चढवलं.

गोदामात ताराचंदजी घामाघूम उभे होते. "माताजी, आमची मांजर तर दूधपोळीच खाते हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आज काय झालं तिला, समजलं नाही." गुलाबजाम एका पोत्याआड पडला होता. पांढऱ्या पिसांवर रक्त, डोळे अर्धे मिटलेले, आणि पाय तोच, डावा, चावलेला. कामिनी खाली बसली. तिनं ओढणीचं टोक फाडलं, जखम पुसली, ताराचंदजींकडून हळद मागून घेऊन दाबली, आणि पहिल्या दिवशी बांधला होता तसाच तो पाय अलगद बांधला. कोंबड्यानं डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि चोच तिच्या मनगटात खुपसून पडून राहिला. यमुताईंना तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

परतीच्या ऑटोत कामिनीच्या मांडीवर ओढणीत गुंडाळलेला गुलाबजाम. तिनं विचारलं, "काहून नेलं, आई?"

'का' नाही, 'काहून'. सासूशी बोलताना तिची माहेरची बोली इतक्या वर्षांत कधी निसटली नव्हती.

"तू फोनवर म्हणालीस," यमुताई म्हणाल्या. "गुरुवारी. पाय बरा झाला, गाडीत बसवून आणते, घरात कोणाला सांगितलं नाही. त्याचा पाहुणचार करू. नवा गंज आण. मी माझ्या कानांनी ऐकलं."

कामिनीला हसू आलं, आणि ते मधेच अडकलं.

"त्याचा नाही, आई," ती म्हणाली. "त्यायचा. म्हणजे त्यांचा पाहुणचार. आमच्यात मोठ्या माणसाले तसं म्हणतात. तुमचा."

ऑटो खड्ड्यातून गेला. यमुताईंनी दांडी घट्ट धरली.

"तुमचा पाय," कामिनी सांगत होती. "ऑपरेशन झालं, आता चालता-फिरता. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही माझ्या मायच्या घरचा घासही घेतला नाही. माय काही बोलत नाही, पण प्रत्येक दिवाळीत विचारते, त्या कधी येतील? तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही उपास काढला असता. म्हणून म्हटलं, गाडीत बसवूनच न्यावं. आणि नवा गंज ह्यासाठी, की घरातल्या भांड्यांत कधी काय शिजलं असेल, तुम्हाला घास उतरणार नाही. मायनं सगळी भांडी नवी आणली. चूलही नवी घातली अंगणात."

यमुताई म्हणाल्या, "मला वाटलं, तू..."

"माहीत आहे तुम्हाला काय वाटते ते." कामिनीनं कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मी कुहीहून आली की तुम्ही माझा डबा हुंगता. पहिल्या वर्षीपासून माहीत आहे मला. दिवाळीनंतर तुमचा गुडघा आखडला ना, तेव्हापासून मी डबा पिशवीत वरतीच ठेवते. तुम्हाला वाकावं लागू नये."

यमुताईंचा चेहरा तापला. आपल्याला शरम वाटते आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण तिची फारशी सवय नव्हती. रस्त्यावरच्या पाट्या मागे जात होत्या, त्या वाचल्यासारखं त्यांनी केलं, पण एकही अक्षर दिसत नव्हतं.

कामिनीनं एका हातानं फोन काढला आणि लावला. "माय, उद्याचं राहू दे," ती म्हणाली. आवाज एकदम सहज, जसं काही झालंच नाही. "नाही, त्यायची तब्येत जराशी नरम हाय. गुडघा दुखून राहिला. हो ना वं, मले बी वाईट वाटते. नाही, त्या तं यायले तयार होत्या. खूप मन होतं त्यायचं."

ह्या वेळी कूलर नव्हता. तो 'य' यमुताईंना प्रत्येक वेळी अगदी स्वच्छ ऐकू आला. आणि सून आपल्यासाठी खोटं बोलते आहे, आपल्या आईशी, हेही ऐकू आलं. त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे."

"आई, राहू द्या..."

"दे म्हणते ना." त्यांनी फोन घेतला, कानाला लावला, आणि तोंड उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शुद्ध भाषेत बोलायचं म्हटलं तर आज एकही वाक्य सापडणार नाही. सगळे जुने उपास त्याच भाषेत सांगितले होते.

"मनकर्णाबाई," त्या म्हणाल्या, "मी यमुना बोलून राहिली. गुडघा बरा हाय माहा. उद्या मी येऊन राहिली तुमच्या घरी. जेवाले."

कामिनीनं मान झटकन वळवली. पुढे ऑटोवाल्यानंही आरसा नीट केला. फोनच्या पलीकडून मनकर्णाबाईंचा करडा आवाज आला.

"कोन वं तू? थट्टा करून राहिली का माही? कामिनीच्या सासूबाई अशा बोलत नाहीत. त्या येत बी नाहीत. खरं सांग, कोन हाय?"

कामिनीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. ती हसत होती की रडत होती, ते यमुताईंना कळलं नाही, आणि तपासून बघावंसंही वाटलं नाही. मांडीवरच्या गुलाबजामनं मान वर करून एकदा बारीक आवाज काढला.

"मीच हाय, मनकर्णाबाई," यमुताई म्हणाल्या. समोरची बाई विश्वास ठेवत नव्हती आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं.